गेटवरची फुंक

या प्रकरणात विपुलला काय मिळायचं होतं ते उघड होतं. काढून घेतलेली कंपनीची बस, पुसलेला दारुड्याचा शिक्का आणि बापासमोर वर करता येईल अशी मान. शारिकला काय मिळणार होतं? फार तर विपुलच्या तोंडून एक 'मानला रं तुला'. पण मोबाइल दुरुस्त करणाऱ्या माणसाला आपलं बरोबर निघण्याची भारी हौस असते, आणि ही हौस विपुलला शाळेपासून ठाऊक होती.

रसायनीच्या त्या कारखान्यात बस आत घेण्याआधी ड्रायव्हरनं गेटवरच्या दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकायचं, असा नियम. आधी नळावर गुळणी, मग फुंक. विपुलची फुंक दोनदा वाईट निघाली होती.

"एकविरा आईची शप्पथ, थेंब नाय घेतला," कर्जतला शारिकच्या दुकानात बसून तो म्हणाला. "मशीनच येडं हाय. वॉचमनचा वॉकीटॉकी सारखा खरखरत असतो बाजूला. त्यानं तर नसंल होत?"

एकविरेची शपथ विपुल उगाच घेणार नाही, असं शारिकनं धरलं. मग त्यानं शोधाशोध केली. जुन्या मशीनला नीट आवरण नसेल, तर शेजारच्या वायरलेसच्या लहरींनी आकडा हलू शकतो, असं वाचायला मिळालं. त्या दिवशी तो जेवायलाही विसरला.

त्याची बहीण सदफ त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये होती, त्याच बसनं जायची. तिच्या ओळखीनं त्यानं सेफ्टी ऑफिसरची वेळ मिळवली आणि विपुलला घेऊन तो गेटवर पोचला.

"साहेब, मी जन्मात दारू चाखलेली नाही," शारिक म्हणाला. "माझ्यावरच करून बघा."

त्यानं गुळणी केली, फुंकलं. शून्य.

"आता वॉकीटॉकी जवळ धरून," साहेब म्हणाले.

वॉचमनच्या सेटची बॅटरी नेमकी उतरलेली. तो बदलायला आत गेला.

विपुलनं शारिकच्या कानाशी तोंड नेलं. "पान खाल्लंस ना रं? साहेब नाक मुरडतायत. आ कर." खिशातून वेलचीच्या वासाची छोटी बाटली काढून त्यानं शारिकच्या जिभेवर दोन फवारे मारले. "आता कसा, लग्नाला निघाल्यासारखा."

सेट आला. शारिकनं तो मशीनला खेटून धरला, बटण दाबलं आणि फुंकलं. आकडा चढत गेला आणि अठ्ठेचाळीसवर थांबला.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "सेट लांब ठेवून पुन्हा."

"करू की," विपुल म्हणाला. "पण आधी चहा घेऊ, साहेब. दोस्ताला घाम फुटलाय."

चहा निवांत झाला. साहेबांच्या मुलाच्या ॲडमिशनच्या गप्पाही झाल्या. मग सेट लांब ठेवून शारिक फुंकला. शून्य.

याहून स्वच्छ पुरावा कुठला असतो? मशीन बाद झालं. नवं येईपर्यंत गेटवरची फुंक बंद झाली. विपुलला बस मिळाली आणि शारिकला बक्षीस म्हणून ते बाद मशीन. त्यानं ते दुकानातल्या काचेच्या कपाटात ढालीसारखं मांडलं.

"विपुलदादाच्या बसमध्ये हल्ली वेलचीचा घमघमाट असतो, भाईजान," सदफ एकदा म्हणाली. "शिरखुर्म्याच्या पातेल्यात बसल्यासारखं वाटतं."

"मग बस की. त्याच्या मागच्याच सीटवर बसत जा. आपला माणूस आहे."

एका सकाळी विपुलचे वडील चांगो आपला फोन घेऊन दुकानात आले. गळ्यात तुळशीची माळ, गालात तंबाखू. कपाटाकडे बघून म्हणाले, "ह्येच काय रं ते, माझ्या पोराला बदनाम करणारं?"

शारिकला तेवढंच हवं होतं. गेटवरचा तो वॉकीटॉकी दुरुस्तीसाठी त्याच्याकडेच आलेला होता. त्यानं तो चालू करून मशीनला खेटवला आणि फुंकलं. शून्य. हसून पुन्हा फुंकलं. शून्य. सेट उलटा धरला, वर धरला, बटण दाबून ठेवलं. शून्य.

"आज त्याचा मूड नाय," चांगो म्हणाले.

शारिकनं सेटची बॅटरी काढून टेबलावर ठेवली.

"मला बी फुंकू दे. थांब, तोंडाला तंबाकूचा वास हाय." चांगोंनी बाहेर जाऊन तंबाखू थुंकली आणि खिशातून वेलचीची बाटली काढली. "पोरानं दिली. तो घरात शिरताना मारतो, मी देवळात शिरताना."

त्यांनी फवारा मारला आणि फुंकलं.

एक्कावन्न.

"घ्या," चांगो माळेला हात लावून हसले. "आता मी बी दारुडा."

शारिकनं त्यांच्या हातातून बाटली घेतली. बारीक अक्षरं वाचायला ती डोळ्यांजवळ नेली, त्यांत 'अल्कोहोल' हा शब्द सापडला, तेवढ्यात रस्त्यावर ओळखीचा हॉर्न वाजला. तो धावत पायरीवर आला, तोवर बस सुटली होती. विपुलनं खिडकीतून हात केला. त्याच्या मागच्याच सीटवर, शारिकनं सांगितलं होतं तशी, सदफ बसली होती.