मोटारीच्या दारात

वालावलीला होड्या रंगवणाऱ्या परशुरामाच्या घरापुढच्या खळ्यात कुडाळच्या डॉक्टरांची काळी मोटार उभी होती. घाटात करवंदीच्या जाळीने तिच्या दारावर लांबच लांब ओरखडे काढले होते. परशुरामाने ते पाणी मारून घासले, चरांत लांबीचा लगदा भरला, रंग चढवला. रंग सुकल्यावर मऊ फडक्याने दार इतकं चोळलं की सगळं खळं, वरच्या माडांसकट, त्यात उतरलं.

त्याची बायको तुळसा चहा घेऊन आली आणि जागीच थबकली. देवी येऊन गेल्यापासून तिने घरातला आरसा ट्रंकेच्या तळाशी घातला होता आणि चारचौघांत तोंडावरचा पदर कधी काढला नव्हता. आता त्या काळ्या, खोल उजेडात हलत्या माडांखाली एक उंच, सडसडीत बाई तिच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर वण दिसत नव्हते.

तुळसाने हळूच पदर मागे सारला, अंबाड्यावरून हात फिरवला.

"मीच मां ही?"

"मगे? दुसरी कोण गो?"

ती हसली. तसं हसू परशुरामाने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

एवढ्यात डॉक्टर बैलगाडीतून अंग चोळत उतरले. "काय परशुराम, झाली का मोटार?"

तुळसा अजून दारासमोरच उभी होती. तिला काही ऐकूच आलं नव्हतं.

परशुराम लगबगीने पुढे जाऊन डॉक्टरांना आडवा आला.

"नाय हो डॉक्टर. रंग अजून वलो आसा. फाल्यां सकाळी येवा."