ओट्यावरचा पहारा

व्यायामशाळेच्या ओट्यावर सासूबाई पहाऱ्याला बसल्या होत्या. बायकांसाठी इथे दुपारचा वर्ग नुकताच सुरू झाला होता आणि सून कावेरी त्यात काष्टा खोचून खो-खो खेळत होती. "काही वावगं दिसलं की त्या दिवसापासून बंद," असं त्यांनी तिला बजावलं होतं. दाराच्या फटीतून कोण डोकावतं, कोण कशाला हसतं, सगळ्याचाच त्यांना संशय येई.

शेजारच्या गावातल्या बायकांशी पहिला सामना ठरला. पुरुष पंच चालणार नव्हता. शिकवणाऱ्या बाई सासूबाईंच्या हातात शिटी देत म्हणाल्या, "तुमच्या नजरेतून काय सुटणार?"

शेवटच्या डावात कावेरीने बसलेल्या मैत्रिणीला खो दिला आणि स्वतः तिच्या जागी बसली. मैत्रिणीने उठून समोरच्या संघातली उरलेली एकटी गाठली. टाळ्या पडल्या, तेवढ्यात शिटी वाजली.

"आधी खो म्हणाली, हात नंतर लावला. लबाडी आहे ही."

सामना गेला.

दुसऱ्या दिवशी वर्गाची वेळ झाली तरी कावेरी तांदूळ निवडत बसून राहिली. सासूबाईंना हवं ते सापडलं होतं. आता विचारण्यातही अर्थ नव्हता. मागे त्यांची पावलं थांबली, तशी तिने मान आणखी खाली घातली.

पाठीवर हात टेकला. मग शब्द आला, "खो."

कावेरी गोंधळून उठली. सासूबाई तिच्या जागी बसल्या आणि त्यांनी सूप पुढ्यात ओढलं. "आधी हात, मग खो. कळलं? जा आता." त्यांनी एक खडा बाजूला टाकला. "एवढं झालं की मी येतेच बघायला."