मस्कतचं ऊन

आखातातली नोकरी संपवून मुश्ताकभाई कायमचे पनवेलला परतले होते. भेटायला आलेल्या पाहुण्यांना ते रंगून सांगत होते. कुवेत, बहरीन, मग मस्कत. मस्कतला तर दर जुम्म्याला दोस्तांबरोबर समुद्रावर पिकनिक. "खरी जिंदगी तिथेच जगलो."

चहा घेऊन आलेली त्यांची बायको हव्वाबी थबकली. "फोनवर तर रडायचात. उन्हात जीव जातो म्हणायचात."

मुश्ताकभाई हसले. "मजेत आहे म्हटलं असतं, तर तू मलाही न्या म्हणाली असतीस."

पाहुणेही हसले.

हव्वाबीने चहाचा ट्रे परत आत नेऊन ओट्यावर आपटला. बेडरूममध्ये जाऊन दार आतून लावलं आणि एसी सुरू केला. नवरा तिकडे उन्हात राबतोय, म्हणून एकटीसाठी तिने तो आजवर कधीच लावला नव्हता.