निरोपाचे दोन शब्द

परदेशातल्या शाळेत वर्षभर गणित शिकवून बाई आज मायदेशी निघाल्या होत्या. ज्या वर्गाने त्यांना सळो की पळो करून सोडलं होतं, तोच आज शहाण्यासारखा दाराशी रांगेत उभा होता. त्यातली सगळ्यात वांड मुलगी पुढे आली, बाईंच्या गळ्यात पडली आणि हुंदके देत चक्क मराठीत म्हणाली, "सुटले एकदाची!"

मागून अख्खा वर्ग रडवेल्या सुरात म्हणाला, "सुटले एकदाची!"

बाई बघतच राहिल्या.

"तुमच्या भाषेतला निरोप!" मुख्याध्यापिका कौतुकाने म्हणाल्या. "रोज घंटा झाली की दारातून तुम्ही म्हणायचात ना, तोच. आठवडाभर घोकतायत पोरं."

बाईंनी डोळे पुसले आणि उलट निरोप द्यायला तोंड उघडलं. पण ते दोन शब्द आज काही केल्या बाहेर पडेनात.