दौंडचं वजन

वैष्णवी दोन स्वेटरांवर रेनकोट चढवून दोरीच्या उड्या मारत होती. दौंडच्या त्या शाळेच्या व्हरांड्यात तिच्या पायाखालची फरशी घामानं ओली झाली होती. चोपन्न किलोच्या गटात वजन चोपन्नच्या आत लागतं. काट्यानं चोपन्न चारशे दाखवलं होतं. पंचांनी एक तास दिला होता, त्यातली बारा मिनिटं उरली होती.

"थुंक, तेवढंच वजन उतरंल," हौसराव सर म्हणाले. थुंकायला तोंडात ओल नव्हती.

दुसऱ्यांदा काट्यावर उभी राहिली तेव्हा चोपन्न दोनशे. पंचांनी तिच्या नावावर रेघ मारली. जिल्ह्याची चॅम्पियन न खेळताच बाद झाली. दौंडच्या मोनालीसमोर, लागोपाठ तिसऱ्यांदा.

"शिरूरची वाघीण पुन्यांदा पळाली रं!" बाकावरून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

मोनाली हसली नाही. हाताच्या पट्ट्या सोडत ती जवळ आली. "ताई, एकदा ये की समोर. हरू न्हाईतर जिंकू, पण कळू तर दे. तुझ्यापायी लोक मला निम्मीच बॉक्सर म्हणत्यात."

"घरी त्रेपन्न सातशे व्हतं गं. आईशप्पत."

"मागल्या खेपंला बी हेच म्हणलीस."

परतीच्या जीपमध्ये न्हावरं मागं पडल्यावर सर म्हणाले, "पाबळला तुझं वजन बरोबर भरलं. बारामतीला बी भरलं. घरच्या आन् तिथल्या काट्यात दहा ग्रॅमचा फरक न्हाई. मोनालीचं नाव आलं की मातूर तू फुगतीस."

"मी घोटभर पानी जादा पीत न्हाई, सर."

"तू न्हाई पीत. तुझं अंग पितंय. भ्यालेलं अंग पानी सोडत न्हाई. अगं, मोठमोठे चॅम्पियन टाळत्यात. कुणाचा हात दुखतो, कुणाला तारीख जमत न्हाई. ते जाणून करत्यात, तू नकळत. एवढाच काय तो फरक."

वैष्णवीला वाटलं, मन भ्यालं तर त्याला दटावता येतं. पण आपल्या पाठीमागे आपलं अंगच कारस्थान करत असेल, तर माणसानं कुणाची कॉलर धरायची?

काट्यावर तर शंका घ्यायची सोयच नव्हती. तो तिच्या आईचा काटा होता. गिताबाई वीस वर्षं तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात भाजी विकत होती. दुसऱ्या गाळ्यावर घेतलेले बटाटे बायका तिच्याकडे आणून पडताळून बघत, आणि मग त्या दुसऱ्याशी भांडायला जात. बाजार नसेल त्या दिवशी तो काटा ओट्याशेजारी असायचा आणि वैष्णवी येताजाता त्यावर उभी राहायची.

दौंडला मोनालीशी लढत असायची त्या तिन्ही पहाटे मात्र वजन आईनं स्वतः केलं होतं. पोरीच्या हातावर दही-साखर ठेवायची चोरी, वजन वाढेल. मग माय करणार तरी काय? पोर उठायच्या आत काटा लावून, पायाला गार लागू नये म्हणून त्यावर गोणपाट घालून ठेवायची. पोर उभी राहिली की म्हणायची, "एक पाय उचल. आता दुसरा. हे कशाला वजनात?" गोणपाट ओढून घ्यायची आणि आकडा मोठ्यानं वाचायची.

आईचं इतकं लक्ष, आणि आपण असे. वैष्णवीला त्याचीच जास्त लाज वाटत होती.

गिताबाई लढती बघायला येत नसे. दोन वर्षांपूर्वी शिरूरला एकदाच आली होती, डबा घेऊन. तेव्हा मोनालीच्या उजव्या ठोशानं रांजणगावची पूनम आडवी झाली. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिचं डोकं गिताबाईच्याच मांडीवर होतं. पूनमला हाक मारली तर ती अजूनही जरा वेळानं वळून बघते. गिताबाई त्यावर कधी बोलली नाही. ते लुगडं तेवढं पुन्हा नेसली नाही.

वैष्णवी घरी पोचली तेव्हा आई मेथी निवडत होती.

"आई, मी भित्री हाय."

गिताबाईचे हात थांबले. मान वर झाली नाही. "कोण म्हणलं?"

"काटाच म्हणतोय. तीनदा म्हणला. मी उद्या सरांस्नी ग्लोव्हज परत देणार."

"दे," आई म्हणाली. मेथीची जुडी बाजूला सारत म्हणाली, "भित्री तर भित्री. हातपाय धू, ताट वाढते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ग्लोव्हज दिले. सरांनी नको म्हटलं नाही, तेच जास्त लागलं. दुपारी बाजार होता. ती आईशेजारी जाऊन बसली.

सरूबाई टोमॅटो न्यायला आपली पाटी घेऊन आली. "पाटीचं वजन आधी काप गं बाई."

गिताबाईनं रिकामी पाटी काट्यावर ठेवली, बटण दाबलं. शून्य आलं. "टोमॅटो आनते," म्हणून ती मागं टेम्पोकडं गेली.

सरूबाईनं पाटीतली माती झटकायला पाटी उचलली. काट्यावर आकडा आला, उणे नऊशे.

हे वैष्णवीनं लहानपणापासून हजारदा पाहिलं होतं. आज ती बघतच राहिली.

आई उठून गेली तिथं तेच गोणपाट पडलं होतं. अजून ऊबदार होतं. वैष्णवीनं ते उचललं, पहाटे असायची तशी घडी केली, काट्यावर ठेवलं आणि बटण दाबलं. शून्य.

मान वर केली तेव्हा टोमॅटोचं क्रेट कमरेवर घेऊन आई समोर उभी होती. जागची हलत नव्हती.

वैष्णवीनं गोणपाट ओढून घेतलं.

काट्यावर कुणी नव्हतं. आकडा होता, उणे सातशे.