जागच्या जागी

पिल्लू टेबलाच्या पायावर थडकलं, मागे सरलं, शेपूट हलवलं आणि पुन्हा त्याच पायावर थडकलं.

"आंधळं आहे," पिल्लं विकणारी बाई म्हणाली. "जन्मापासून. लपवून कुणाच्या गळ्यात मारणार नाही."

शिंपीमास्तरांना बरंच वाटलं. घरात कुत्रं का नको याची सात कारणं त्यांनी वाटेत जमवली होती. आठवं आयतंच पायाशी आलं. पण बायको तोवर खाली बसली होती आणि पिल्लानं तिच्या ओंजळीत नाक खुपसलं होतं.

"अगं, चार धडधाकट आहेत. त्यातलं बघ."

"त्यांना कुणीही नेईल. याला कोण नेणार?"

"दोन घरांनी नेलं होतं, ताई," बाई म्हणाली. "दोघांनी परत आणून टाकलं. तिसऱ्यांदा आलं तर माणसावरचा विश्वासच उडेल त्याचा."

"परत का आणलं?"

"पथ्य पाळवलं नाही. हे चार दिवसांत सगळं घर नाकानं लक्षात ठेवतं, मग डोळस असल्यासारखं धावतं. मात्र एकदा लावलेलं सामान पुन्हा जन्मात हलवायचं नाही. खुर्ची वीतभर सरकली तरी कपाळमोक्ष!"

मास्तरांनी कान टवकारले.

आता मास्तरांचं दुखणं असं, की संसाराला बावीस वर्षं झाली, पण दुसरं घर घेणं काही जमलं नाही. म्हणून बायको त्याच दोन खोल्यांतून दर रविवारी नवं घर काढी. कपाट खिडकीशी, पलंग दाराशी. शिलाईचं मशीन तर चारी भिंतींकडे पाहुणं जाऊन आलेलं. हौस तिची, कंबर मास्तरांची.

"घेऊन टाकू," मास्तर म्हणाले.

"अहो, आत्ता तर तुम्ही..."

"मुक्या जिवाची दया नको का? देवानंच पाठवलंय म्हण."

बायकोनं नवऱ्याकडे निरखून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं पुण्य तिला जरा जास्तच तुकतुकीत वाटलं. पण पिल्लू तिचा अंगठा चोखत होतं.

"बरं," ती म्हणाली. "सामान हलणार नाही, शब्द दिला. पण जन्माचं लावायचं तर नीट लावू. पिल्लू पुढच्या रविवारी नेतो, ताई."

त्या आठवड्यात कपाटानं अकरा प्रदक्षिणा घातल्या. शनिवारी संध्याकाळी बायको एकदाची "हां!" म्हणाली. तिचं मन पालटायच्या आत मास्तरांनी कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि सामानाच्या प्रत्येक पायाभोवती फरशीवर रेघ ओढली. शेवटची रेघ ओढून उठायला गेले, तो कमरेतून अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

डॉक्टरांनी सांगितलं, पंधरा दिवस जमिनीवर सपाट पडून राहा. आडवे झाले ते नेमके खोलीच्या मधोमध.

रविवारी पिल्लू आलं. त्यानं टेबल हुंगलं, कपाट हुंगलं, मशीन हुंगलं. मग डोक्यापासून पायापर्यंत मास्तरांना हुंगलं आणि त्यांच्या पोटावर चढून झोपलं. चौथ्या दिवशी ते दारातून सुसाट निघायचं, सगळं सामान चुकवायचं आणि झेप घेऊन बरोब्बर पोटावर उतरायचं. मास्तर आधी कुरकुरले. पुढे पुढे बायको पिल्लाला फिरवून आणायची वेळ झाली, की पडल्या पडल्या दाराकडे कान लावू लागले.

सोळाव्या दिवशी मास्तर उठले. ऐटीत खुर्चीवर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा घर त्यांच्या मनासारखं होतं, सगळं जागच्या जागी.

दार उघडलं. पिल्लू सुटलं. टेबल चुकवलं, कपाट चुकवलं, मशीन चुकवलं, झेप घेतली आणि धपकन् फरशीवर आपटलं. उठून तिथल्या तिथेच गोल फिरलं. नाक वर करून बारीक आवाजात रडू लागलं.

बायकोनं कमरेवर हात ठेवले. "काय हो? सामान वीतभरही हलवायचं नाही, असं ठरलं होतं ना?"

मास्तर उठले आणि आपल्या जागी जाऊन आडवे झाले. बायकोनं मशीनवरचा खडू उचलला आणि त्यांच्याभोवती रेघ ओढली.