खालचं बेअरिंग

नवऱ्याने रिकामं खोकं आणून टेबलाशेजारी ठेवलं, तेव्हाच सुनेने ओळखलं की आज मागच्या खोलीतला सासऱ्यांचा संसार गुंडाळला जाणार. पाने, पकडी, डब्याडब्यांतून जपलेले स्क्रू, सगळं माळ्यावर. सासऱ्यांनीही खोकं पाहिलं होतं. पण दिसलंच नाही असं दाखवून त्यांनी समोर आडव्या केलेल्या गवत कापायच्या मशीनवर हात ठेवला.

मशीन समोरच्या नर्सबाईंचं. विजेवर चालणारं. चालू केलं की घरघरायचं. आठवड्यापूर्वी नवऱ्याने ते स्वतः उघडून नवं बेअरिंग घातलं होतं, आणि आता त्याची घरघर चार घरं पलीकडे ऐकू जात होती.

चार घरं पलीकडे ऐकू जाईल, पण सासऱ्यांना येणार नाही. जन्मभर विजेच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून देणारा हा माणूस बिघाड कानांनी हुडकायचा, आणि वर्षभरात कानांनीच दगा दिला. गेल्या महिन्यात कडेचं गवत कापायचा एक ट्रिमर त्यांनी ठणठणीत आहे म्हणून परत दिला, तर तो दारातच खडखडला. लोक हसले. ते हसणं त्यांना ऐकू आलं नाही, मुलाला आलं. त्याने मग मनावरच घेतलं. आज सकाळी त्याने कागदावर ठळक अक्षरांत लिहून वडिलांपुढे धरलं होतं, की हे एक मशीन बघा, दोष सापडला तर टेबल राहील, नाही तर आता पुरे. सासऱ्यांनी कागदाची घडी करून चष्म्याच्या घरात ठेवली.

आता त्यांनी खालचं पातं काढून बाजूला ठेवलं आणि बटण दाबायची खूण केली. सुनेने दाबलं. खोलीभर घरघर झाली. मशीन न्यायला आलेल्या नर्सबाईंनी कानांवर हात ठेवले. नवरा म्हणाला, मोटरच गेली असणार, आता यात काही राम नाही. सासरे एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. सुनेला वाटलं, आपणच ओरडून सांगावं आवाज कसा येतोय ते. पण कसा येतोय हे तिलाही कुठे कळत होतं?

सासऱ्यांनी सगळ्यांत लांब स्क्रूड्रायव्हर उचलला. टोक मोटरच्या वरच्या अंगाला टेकवलं, प्लास्टिकची मूठ दातांत धरली आणि डोळे मिटले. नर्सबाई घाबरून एक पाऊल मागे सरल्या. थोड्या वेळाने सासऱ्यांनी टोक खालच्या अंगाला टेकवलं. पुन्हा डोळे मिटले आणि मोटरची थरथर दातांतून, हाडांतून आत येऊ दिली. या खेपेला भुवया वर गेल्या, आणि सुनेने गेल्या वर्षभरात न पाहिलेलं हसू मुठीच्या दोन्ही बाजूंनी फुटलं.

"खालचं बेअरिंग," ते म्हणाले. बहिऱ्या माणसाच्या हिशेबाने ते हळूच म्हणाले असावेत, पण खिडकीची काच थरथरली.

"ते नवंकोरं आहे. मी स्वतः बसवलंय," नवरा बायकोला म्हणाला.

सासऱ्यांनी प्लग काढला, मोटर उघडली आणि ते नवंकोरं बेअरिंग उपसून सुनेच्या तळहातावर ठेवलं. फिरव म्हणाले. तिने फिरवलं. ते गुळगुळीत फिरेना. अडत होतं, सुटत होतं, पुन्हा अडत होतं. मधल्या कड्यावर हातोडीच्या खुणा होत्या. बेअरिंग बसायचं मोटरमधलं घर घट्ट आणि हात नवऱ्याचा उतावीळ. बाहेरचं कडं सोडून त्याने मधोमध ठोकलं होतं, आणि आतल्या गोळ्यांनी तो मार खाल्ला होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो हातोडीकडे बघत होता.

"बिघडवलं कोणी मग?" नर्सबाईंनी हातवारे करत विचारलं.

सासऱ्यांनी सुनेच्या हातून बेअरिंग घेतलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं.

"कच्चं निघालं. निघतं एखादं."

या माणसाच्या हाताखाली मोटारी काय, माणसंही दुरुस्त होऊन जात असतील, असं सुनेला वाटलं.

त्याच मापाचं दुसरं बेअरिंग डब्यातून निघालं. सासऱ्यांनी पाइपाचे तीनचार तुकडे लावून पाहिले आणि फक्त बाहेरच्या कड्यावर बसेल असा एक निवडला. मग स्वतः ठोकायचं सोडून त्यांनी मुलाचा हात धरून त्या तुकड्यावर ठेवला आणि हातोडी त्याच्या दुसऱ्या हातात दिली. इथे जरा, आता समोर, परत इथे. बेअरिंग इतक्या निमूटपणे आत गेलं की नवऱ्याला ते गेल्याचं पटेचना.

मोटर जोडून बटण दाबलं. घरघर नव्हती, नुसतं एकसुरी गुणगुणणं होतं. नर्सबाईंनी कानांवरचे हात खाली घेतले. सुनेने खोकं पायाने हळूच दाराबाहेर सरकवलं.

"बाबा, चुकलं माझं," नवरा म्हणाला. सासरे स्क्रूड्रायव्हरची मूठ सदऱ्याला पुसत होते. त्यांची पाठ त्याच्याकडे होती. पुसून झाल्यावर ते वळले आणि स्क्रूड्रायव्हर मुलापुढे धरला.

नवरा क्षणभर घुटमळला. मग गुडघ्यांवर बसला, टोक चालू मोटरच्या खालच्या अंगाला टेकवलं आणि मूठ दातांत धरली. सासऱ्यांनी मागून आपल्या दोन्ही तळव्यांनी त्याचे कान घट्ट झाकले.

"आलं ऐकू?"

तोंडात मूठ असल्यामुळे त्याला बोलता येईना. त्याने मान हलवली, ती वडिलांना तळव्यांतच कळली.